पहिल्या बाकावरची माणसं

अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती प्रवाहातल्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, कुणी बाहेर पडलं, की त्याच्यामागे दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक, त्याचा विश्वास मुळातच कच्चा होता. दोन, त्याला कसलं तरी पाप करायचं होतं आणि त्यात देवाची अडचण होत होती. दुसऱ्या आरोपाला पुरावा कुणी मागत नाही. पहिल्यासाठी योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन हाताशी असतंच: आपल्यातून निघाले खरे, पण ते आपले नव्हतेच.

जवळून पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. प्रश्न पडणाऱ्यांत पहिल्या बाकावरची माणसं फार. पाळकांची मुलं. अवाना नावाचा, १९५० साली शिकागोत सुरू झालेला मुलांचा क्लब आहे. तिथे वचनं पाठ म्हणून दाखवायची आणि गणवेशावर बिल्ले मिळवायचे असतात. तसे बिल्ले मिरवलेली मुलं. उन्हाळी सुट्टीत सुवार्ताकार्यासाठी परदेशी गेलेली, विशीच्या आत चारचौघांत आपल्या विश्वासाची साक्ष दिलेली. नाताळला आणि ईस्टरला तेवढा उगवणारा माणूस शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, विसंगतींनी अस्वस्थ होत नाही, कारण त्यानं शास्त्र वाचलेलंच नसतं. ज्याला ‘यातला शब्द न् शब्द खरा’ असं सांगितलं आणि ज्यानं ते मनावर घेऊन वाचलं, तो अडकतो.

हे समजायला आधी या विश्वासाची रचना पाहावी लागते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये इव्हँजेलिकल माणसाच्या चार खुणा सांगितल्या: शास्त्राला सर्वोच्च मान, ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणाला मध्यवर्ती जागा, प्रत्येकाचं आयुष्य पालटलं पाहिजे हा आग्रह, आणि त्यासाठी सतत धडपड. या चारांत पृथ्वी सहा हजार वर्षांची असल्याचं कुठे येत नाही. स्त्रीनं व्यासपीठावरून उपदेश करू नये, अमुक पक्षाला मत द्यावं, हेही येत नाही. अमेरिकेत या गोष्टी विसाव्या शतकात एकीवर एक रचल्या गेल्या आणि त्यांच्या तळाशी ठेवलं गेलं ते शास्त्राच्या निर्दोषतेचं तत्त्व. १९७८ मध्ये शिकागोत भरलेल्या परिषदेनं त्याचा १९ कलमी जाहीरनामाच काढला. शास्त्राची निर्दोषता फक्त आध्यात्मिक बाबींपुरती नाही, इतिहास आणि विज्ञानालाही ती लागू आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. गंमत म्हणजे तारणासाठी (पापातून आणि नरकातून सुटका होण्यासाठी) ही कबुली आवश्यक नाही, हेही त्याच जाहीरनाम्याचं शेवटचं कलम सांगतं. ती नाकारली तर परिणाम गंभीर होतील, एवढी ताकीद मात्र देतं. रविवारच्या शाळेपर्यंत पोचेस्तोवर या कलमाचा पहिला अर्धा भाग गळून जातो. मुलांच्या कानावर पडतं ते असं: एक जागा खोटी निघाली तर बाकीचं खरं कशावरून?

ही उतरंड झाली. वरचं एखादं मडकं फुटलं तर दुसरं ठेवता येतं. तळातलं हललं तर सगळीच कोसळते, आणि इथे नेमकं सगळ्यात नाजूक मडकं तळाशी आहे.

बार्ट एहरमन यांचं उदाहरण यासाठी पुन्हा पुन्हा दिलं जातं. मूडी बायबल इन्स्टिट्यूट, मग व्हीटन कॉलेज आणि पुढे प्रिन्स्टन, असा कट्टर इव्हँजेलिकल हुशार मुलाला शोभेलसा त्यांचा प्रवास. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशू म्हणतो, की अब्याथार प्रमुख याजक असताना दावीदानं देवाच्या मंदिरात जाऊन समर्पित भाकरी खाल्ल्या. जुन्या करारातलं पहिले शमुवेल, अध्याय २१ उघडला तर तिथे याजक आहे अहीमलेख, म्हणजे अब्याथाराचा बाप. एहरमननी ग्रीक व्याकरणाच्या कसरती करून ही विसंगती मिटवणारा लांबलचक निबंध लिहिला. प्राध्यापकांनी खाली शेरा मारला, की कदाचित मार्कची चूक झाली असेल. बस्स. एवढ्याशा ओळीनं विश्वास गेला, अशी दंतकथा लोक सांगतात, पण ती बरोबर नाही. एहरमन त्यानंतर बरीच वर्षं ख्रिस्तीच राहिले. शेवटी त्यांना अडलं ते दुःखाच्या प्रश्नाशी: देव असेल तर जगात एवढं दुःख का? त्या शेऱ्यानं फक्त तळाचं मडकं हललं. आणि मग मार्कच्या शेवटच्या बारा ओळी सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, व्यभिचारात सापडलेल्या बाईची गोष्ट योहानाच्या जुन्या प्रतींत नाही, येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत मत्तयात गळफास घेतो आणि प्रेषितांच्या कृत्यांत उपडा पडून मरतो, दावीदाला शिरगणती करायची बुद्धी दुसऱ्या शमुवेलात परमेश्वर देतो आणि पहिल्या इतिहासात सैतान, हे सगळं एकदम दिसू लागतं. यातली कुठलीच गोष्ट गुप्त नाही. पाळक घडवणाऱ्या इव्हँजेलिकल सेमिनरीतही ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. पाळकाला ठाऊक असतं, मंडळीला सांगितलेलं नसतं, आणि चाळिशीतल्या माणसाला ते रात्री फोनवर कळतं. पुष्कळांचा राग विसंगतीवर नसतोच. तो ती झाकून ठेवल्याबद्दल असतो.

झाकणाऱ्यांचीही एक अडचण आहे. उघड बोलणाऱ्याची नोकरी जाते. जुन्या कराराचे अभ्यासक पीटर एन्स यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर शेजारच्या प्राचीन संस्कृतींची छाप आहे असं मांडलं, आणि २००८ मध्ये त्यांना वेस्टमिन्स्टर सेमिनरी सोडावी लागली. मायकल लिकोना हे तर येशूचं पुनरुत्थान ऐतिहासिक आहे हे ठासून सिद्ध करणारे लेखक. पण मत्तयाच्या २७व्या अध्यायात थडगी उघडून पवित्र जन शहरात आले, हा भाग अलंकारिक असू शकेल एवढं त्यांनी लिहिलं, आणि २०११ मध्ये त्यांनाही पद सोडावं लागलं. प्राध्यापकांची ही गत पाहिल्यावर गावातला पाळक रविवारी काय बोलेल?

उत्पत्तीचा प्रश्न टेनेसीतल्या डेटन गावात १९२५ मध्येच कोर्टात गेला होता. शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकावर तिथे खटला चालला. किशोरवयापासून त्याच गावात वाढलेली लेखिका रेचल हेल्ड एव्हान्स पुढे प्रश्न विचारणाऱ्या पिढीचा आवाज झाली; २०१९ मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी ती गेली. उत्क्रांती हे अनेकांचं पहिलं भगदाड असतं, पण मला ते सर्वांत कमी महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर आतूनच उत्तरं उपलब्ध आहेत. जनुकशास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स यांनी २००७ मध्ये काढलेली बायोलोगोस ही संस्था उत्क्रांती मानणाऱ्या श्रद्धावंतांचीच आहे. पृथ्वीचं वय बदलून माणूस मंडळीत राहू शकतो.

देवाचा स्वभाव बदलून राहणं अवघड. पहिले शमुवेल, अध्याय १५: अमालेकी लोकांतले पुरुष, बायका, मुलं, तान्ही बाळं, सगळी मारून टाक, असा देवाचा शौल राजाला हुकूम. लहानपणी ही शौलाच्या आज्ञाभंगाची गोष्ट म्हणून ऐकलेली असते. पुढे स्वतःचं तान्हं मांडीवर असताना तीच वाचली जाते. या प्रश्नाला वय असतं, आणि पहिलं मूल झाल्यावर तो फार जणांना गाठतो. नरकाचंही तसंच. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात कार्लटन पिअर्सन हे हजारोंची मंडळी चालवणारे, पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथाचे बिशप होते. रवांडातल्या निर्वासितांची दृश्यं टीव्हीवर पाहताना, ही माणसं मेल्यावर अनंतकाळ जळणार हे आपण खरंच मानतो का, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि सगळ्यांचं तारण होतं असा उपदेश सुरू केला. २००४ मध्ये कृष्णवर्णीय पेंटेकॉस्टल बिशपांच्या मंडळानं त्यांना पाखंडी ठरवलं. मंडळी पांगली, इमारत हातची गेली.

नरकाची भीती शिकवताना लहान मुलांवर काय होतं, हे मोठ्यांना कळायला उशीर लागतो. तारणाची प्रार्थना एकदा केली की पुरते, असं सांगतात. मूल मात्र मागची मनापासून झाली नव्हती या शंकेनं ती रोज रात्री करतं. प्रभू येईल तेव्हा विश्वासणारे ढगांत वर उचलले जातील, हे ज्याच्या मनावर बिंबलं आहे, असं मूल शाळेतून येतं आणि घर रिकामं पाहून हादरतं. विश्वास सोडून वीस वर्षं झालेल्या माणसांतही ही धडधड टिकते. १९९० नंतरच्या मुलांवर पावित्र्याच्या चळवळीची भर पडली. लग्नाआधी शरीरसंबंध नाही, अशी शपथ कार्डावर सही करून घ्यायची. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलच्या हिरवळीवर अशी दोन लाखांहून जास्त कार्डं रोवली होती. जॉशुआ हॅरिस यांनी एकविशीत लिहिलेलं, मुलामुलींनी डेटिंगच करू नये असं सांगणारं पुस्तक १९९७ मध्ये आलं आणि घरोघरी पोचलं. परिणाम काय झाला? २००९ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. शपथ घेतलेली मुलं आणि सर्व बाबतींत त्यांच्यासारखीच पण शपथ न घेतलेली मुलं, यांची तुलना पाच वर्षांनी केली. शरीरसंबंधांच्या प्रमाणात फरक नाही. शपथवाल्यांत गर्भनिरोधकांचा वापर मात्र कमी. आणि त्यांच्यातले ८२ टक्के म्हणाले, की आम्ही शपथ घेतलीच नव्हती. ज्यांनी ती पाळली त्यांची दुःखं वेगळी: पंचवीस वर्षं शरीर म्हणजे पाप असं शिकलेली मुलगी लग्नाच्या रात्री ते सगळं विसरेल, ही अपेक्षा. हॅरिस यांनी २०१८ मध्ये स्वतःच्या पुस्तकाचं प्रकाशन थांबवलं आणि २०१९ मध्ये आपण ख्रिस्ती राहिलो नसल्याचं जाहीर केलं.

समलैंगिकांना ‘बदलवणारी’ एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्था ३७ वर्षं चालून २०१३ मध्ये बंद पडली. आपल्या पाहण्यातल्या ९९.९ टक्के लोकांचा कल बदललेला नाही, हे तिच्या अध्यक्षांनी त्याआधीच सांगून टाकलं होतं. पुढच्याच वर्षी गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती संस्थेच्या अमेरिकन शाखेनं समलिंगी विवाह केलेल्या ख्रिस्ती व्यक्तींना नोकरी देण्याचं ठरवलं, आणि दोन दिवसांत निर्णय मागे घेतला. तेवढ्यात सुमारे १०,००० मुलांचं प्रायोजकत्व देणगीदारांनी काढून घेतलं होतं. ही मुलं गरीब देशांतली. भारतातही या संस्थेचं काम आहे. आपल्याच मंडळीतले लोक भुकेल्या मुलाचा हात दोन दिवसांत सोडू शकतात, हे पाहून ज्यांचं मन उडालं त्यांचं शास्त्रवाचन कधी बदललंच नव्हतं. उलट मत्तयाचा २५वा अध्याय, ‘मी भुकेला होतो’, त्यांना पाठ होता.

इतिहासानंही पुष्कळांना हलवलं. अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, १८४५ मध्ये वेगळा झाला तो गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवावं की नाही या वादावर. गुलामगिरीच्या बाजूनं बोलणारे पाळक शास्त्रातला सरळ अर्थच दाखवत होते: दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा. पंथानं त्याबद्दल माफी मागितली १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. ‘सरळ अर्थ’ एकदा एवढा चुकला असेल, तर आज स्त्रियांबाबत तो चुकत नसेल कशावरून, हा प्रश्न विचारायला कुणी नास्तिक व्हावं लागत नाही.

मग नेत्यांची प्रकरणं. रवी झकारायस चेन्नईत जन्मले. शंकांना तर्कानं उत्तर देणारा त्यांच्याइतका गाजलेला वक्ता इव्हँजेलिकल जगात क्वचितच असेल, आणि भारतातल्या इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती घरांतही ते ऐकले जात. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांच्या अहवालानं अनेक वर्षांच्या लैंगिक गैरवर्तनावर शिक्कामोर्तब केलं. ज्यांनी आपल्या शंका त्यांच्या व्याख्यानांवर मिटवल्या होत्या, त्यांना त्या पुन्हा उघडाव्या लागल्या. २०२२ च्या मे महिन्यात सदर्न बॅप्टिस्टांचा चौकशी अहवाल आला. त्यातून कळलं, की लैंगिक अत्याचाराचे आरोप झालेल्या शेकडो सेवकांची यादी मुख्यालयात वर्षानुवर्षं गुपचूप ठेवली जात होती, आणि पीडितांना मात्र अशी यादी करणं शक्य नाही असं सांगितलं जात होतं. माणूस पापी असतो हे इव्हँजेलिकल माणसाला नव्यानं सांगावं लागत नाही. एखादा पाळक घसरला तर तो हळहळतो आणि पुढे जातो. यादी ठेवणारी समिती पाहिल्यावर पुढे जाता येत नाही.

राजकारणाचं लांबवत नाही. एकच आकडा बोलका आहे. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीतीनं वागू शकतो का, या प्रश्नाला २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले होते. २०१६ मध्ये ७२ टक्के. त्या वर्षी मतदानोत्तर चाचणीनुसार त्यांच्यातल्या ८१ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं. ज्या मुलांना क्लिंटन यांच्या काळात चारित्र्यावर प्रवचनं ऐकवली होती, ती आता मोठी झाली होती आणि त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती.

प्रत्यक्षात हे घडतं कसं? आधी बराच काळ गुपचूप. माणूस विश्वास टिकवण्यासाठीच वाचू लागतो, आणि बचावाची पुस्तकं त्याचा घात करतात. त्यांच्यात आक्षेप नीट मांडलेला असतो आणि उत्तर लंगडं. मग तो लहान गटात, म्हणजे आठवड्याला कुणाच्या घरी जमणाऱ्या आठ-दहा जणांत, विषय काढतो. इथे पहिली मोठी चूक होते. त्याची शंका ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून पुढच्या गटात जाते, तिथून पाळकापर्यंत, आणि महिनाभरात रविवारच्या शाळेत शिकवण्याची त्याची जबाबदारी ‘थोडी विश्रांती घ्या’ म्हणून काढून घेतली जाते. शंका होती अमालेक्यांबद्दल. आता तिच्यात अपमान मिसळला. पाळकाची दुसरी चूक म्हणजे पुस्तक देणं. समोरचा शोक करत असतो आणि त्याला युक्तिवाद मिळतो.

निघणाऱ्याच्याही चुका ठरलेल्या आहेत. वाचलेलं सगळं पहिल्याच आठवड्यात जोडीदारावर ओतणं ही सर्वांत महागाची. एक जण दोन वर्षं वाचून जिथे पोचला, तिथे दुसऱ्यानं रात्रीत यावं अशी अपेक्षा धरली की घर मोडतं. आईवडिलांशी थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर वाद, ही दुसरी. आईच्या डोळ्यांपुढे अब्याथार नसतो, मूल नरकात जाणार हे असतं. तिला हस्तलिखितांचे दाखले देऊन काय उपयोग? तिसरी चूक अशी, की विश्वास जातो आणि साचा राहतो. तीच खात्री, तीच ‘आपले’ आणि ‘ते’ अशी विभागणी, तोच प्रचाराचा आवेश. फक्त पवित्र ग्रंथाच्या जागी पॉडकास्ट. आणि सगळं एकदम टाकणारे सहा महिन्यांनी गाणं शोधत फिरतात. आठवड्यातून एकदा शंभर माणसांबरोबर गाणं, आजारी पडल्यावर आठवडाभर दारात येणारे जेवणाचे डबे, मुलांना नावानं ओळखणारे पंधरा मोठे लोक, याला अमेरिकेतल्या उपनगरात पर्याय सहज मिळत नाही.

पाळकाची गोष्ट निराळी, कारण त्याचा पगार, घर आणि मित्र एकाच ठिकाणचे. अमेरिकेत दीक्षित सेवकाला ४३६१ क्रमांकाचा फॉर्म भरून, सार्वजनिक विम्याला धार्मिक कारणावरून विरोध आहे असं सांगून, सेवेच्या उत्पन्नापुरतं सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेतून बाहेर पडता येतं. हा निर्णय सेवेच्या पहिल्या दोन-एक वर्षांतच घ्यावा लागतो आणि फिरवता येत नाही. पंचविशीत वरिष्ठांच्या सल्ल्यावरून केलेली ही सही पन्नाशीत विश्वास गेल्यावर आठवते: निवृत्तिवेतनाला ४० तिमाह्यांची, म्हणजे दहा वर्षांची नोंद लागते, आणि त्याच्या नावावर जवळजवळ शून्य. मंडळ्या बेकारी विम्याच्या कायद्यातून वगळलेल्या असल्यामुळे तोही आधार बहुधा नसतो. विश्वास गमावलेल्या पाळकांसाठी २०११ मध्ये क्लर्जी प्रोजेक्ट हा बंदिस्त ऑनलाइन गट सुरू झाला. तिथे अनेक जण अजून व्यासपीठावरून उपदेश करत असतानाच टोपणनावानं येतात, ते ढोंगाची हौस म्हणून नव्हे.

प्रश्नांना तोंड द्यायची रीत यापेक्षा बरी असू शकते, याचा एक दाखला आपल्या पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतावर, अथनेशियसच्या मतांगीकारावर (श्रद्धेच्या ठरावीक शब्दांतल्या कबुलीवर) प्रश्न विचारायला सुरुवात केली. वाँटेजच्या मठातल्या, त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिनला त्यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या शाकाहारातही तिला तोच दिसला. मुलीला, मनोरमेला, काय शिकवावं यावरूनही दोघींत जुंपली. एका पुरोहितवर्गाचं जोखड महत्प्रयासानं उतरवलं ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे, असं रमाबाईंनी सुनावलं. त्याच काळात चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील त्यांच्याशी एकेका प्रश्नावर शांतपणे पत्रांतून बोलत राहिल्या, घाई न करता. रमाबाई राहिल्या. पुढे १८९१ च्या सुमाराला, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आत्ता मिळाला, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं, आणि १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे पुनरुज्जीवन, म्हणजे धार्मिक जागृतीची लाट, झालं त्याची नोंद जगभरचे पेंटेकॉस्टल आजही घेतात. म्हणजे प्रश्न विचारणारी बाई इव्हँजेलिकल गोटातच जाऊन पोचली, पण आपल्या पायांनी. आणि दुसऱ्याच्या भाषांतरावर समाधान न मानता हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणायला बसली.

आजचे निघालेले लोक कुठे जातात, याचं एक उत्तर नाही. काही एपिस्कोपल किंवा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जातात; तिथली उपासनेची ठरलेली रीत त्यांना बरी वाटते, कारण स्वतःला काही वाटत नसलं तरी म्हणायला शब्द असतात. काही कुठेच जात नाहीत. पुष्कळ जण त्याच बाकावर बसून राहतात, गाणी म्हणतात, मतांगीकारातल्या दोन ओळींना गप्प राहतात. अडतं ते मुलांपाशी. आजीआजोबांना नातवंडांनी उन्हाळी बायबल शिबिराला यावं असं वाटतं, आईबापांना नरकाचा पाठ नको असतो. जी घरं यातून निभावली, त्यांनी सिद्धांताचा वाद बाजूला ठेवून साधं ठरवून घेतलेलं दिसतं: गोष्टी सांगा, गाणी शिकवा, जेवणाआधीची प्रार्थना चालेल, पण आमच्यामागे मुलाला तारणाची प्रार्थना करायला लावायची नाही. हे आजीला एकदा सांगून भागत नाही. दर उन्हाळ्याला पुन्हा बोलावं लागतं.